अबोला धरलेल्या भावाकडे आधी कोणी जायचं?

श्रीरामपूरकर: विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून धाकट्या भावाशी दोन वर्षं अबोला आहे. ऐन उन्हाळ्यात त्याने मोटार बंद ठेवली, माझा दीड एकर कांदा वाळला. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन आहे, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. बायबलमधलं मत्तय 5:23-24 वाचलं की हात थबकतो: अर्पण वेदीपुढे ठेव, आधी भावाशी समेट कर. पण चूक त्याची असताना मीच जायचं?

वसईची सून: दादा, तिथे चूक कोणाची हे विचारलेलंच नाही. भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही असेल तर, एवढंच आहे. आमच्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, कम्युनियनआधी (प्रभुभोजनाआधी) एकमेकांना शांती देतात. जावेचा खरखरीत हात हातात घेतला, तेव्हा माझा सहा महिन्यांचा राग तिथेच विरला.

निवृत्त गुरुजी: मत्तय 18:15 पण बघा, आधी एकांतात बोला. भावकीला नेऊ नका. आणि क्षमा म्हणजे पाण्याचा हक्क सोडणं नव्हे. पाळ्या कागदावर लिहून घ्या.

श्रीरामपूरकर: काल गेलो. तो गोठ्यात धार काढत होता, वर बघेना. मी तिथेच उभा राहिलो. बादली भरल्यावर म्हणाला, “बस दादा, चहा घे.” पाळ्यांचं सोमवारी बोलणार आहोत.