ट्रॅकवर चालवायला जुनी, स्वस्त गाडी कोणती घ्यावी?

उशिराब्रेक
नमस्कार मंडळी. ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस) मित्राच्या गाडीत बाजूच्या सीटवर बसलो आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. रेसिंग करायची नाही, लॅप टाइमचं वेड नाही. अधूनमधून जायचं, शिकायचं, धडधाकट घरी यायचं. ट्रेलर नाही, म्हणजे गाडी चालवत न्यायची आणि चालवतच परत आणायची. मॅन्युअल गिअर हवा. स्पॅनर धरता येतो, पण इंजिन उघडण्याची हिंमत नाही, त्यामुळे डोकेदुखी नसलेली गाडी सुचवा. उंची सहा फूट दोन इंच, हे मुद्दाम सांगतोय.
बजेट : रोजची गाडी आज विकली तर जे येतील त्याच्या निम्मे. टायर, ब्रेक, हेल्मेट त्यातच धरा.

मागचंचाक
मझदाची छत उघडणारी एमएक्स-५ घ्या आणि मोकळे व्हा. पहिली पिढी १९८९ ची, वजन हजार किलोंच्या आतबाहेर, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, ताकद मागच्या चाकांना. इंजिन दुबळं आहे म्हणून लोक नाक मुरडतात, पण शिकायला तेच बरं. वळणात वेग घालवलात तर तो पुढच्या सरळ पट्ट्यात भरून काढता येत नाही. ड्रायव्हरच्या चुका झाकत नाही ही गाडी.

गिअरपंडित
एमएक्स-५ ला +१. माझ्याकडे आहेच. दोनदोनशे हॉर्सपॉवरवाल्यांना वळणात गाठतो आणि मग ते सरळ पट्ट्यात पुढे जाऊ देत नाहीत, हा वेगळा त्रास.

नवाकोरा
जुन्या गाड्यांच्या भानगडीत पडूच नका. बजेट थोडं वाढवा आणि सरळ टोयोटाची नवीन जीआर८६ घ्या. २.४ लिटर बॉक्सर, सहा गिअर, मागची चाकं, वर वॉरंटी. मी घेतली, आजपर्यंत बॉनेट उघडलेलं नाही.

वेगवेडी
@नवाकोरा ट्रॅकवर नेणार असाल तर बॉनेट उघडा हो कधीतरी. लांब वळणात इंजिनाखालच्या संपमधलं (ऑईलच्या भांड्यातलं) ऑईल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. निदान डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेला आहे का तेवढं बघत जा. आणि वॉरंटीची बारीक अक्षरं वाचलीत का? ट्रॅकवर काही झालं तर ‘स्पर्धात्मक वापर’ म्हणून हात वर करतात. विम्याचंही बहुतेक तेच.

आता मूळ प्रश्न. सहा फूट दोन इंच हे वरच्या कुणी वाचलंच नाही बहुतेक. एमएक्स-५ मध्ये हेल्मेट घालून बसून बघा, मग बोलू. उघड्या गाडीला बऱ्याच ठिकाणी रोल बार लागतो. रोल बार आणि पुढच्या काचेची चौकट यांवर काठी आडवी ठेवायची आणि हेल्मेट तिच्या खाली राहायला हवं, अशी साधी तपासणी असते. उंच माणूस तिथेच अडकतो.

गिअरपंडित
सीटमधला फोम काढून टाकला की बसतो माणूस. मी पाच फूट सात आहे, मला कधी अडचण आली नाही.

सहजच
बजेटचं कोडं मला सुटलं नाही. रोजची गाडी कोणती ते तरी सांगा.

उशिराब्रेक
बारा वर्षं जुनी हॅचबॅक. :)

सहजच
मग निम्म्यात आरसे आणि स्टेपनी येईल. (दिवा घ्या.)
चेष्टा बाजूला, तीच का नेत नाही ट्रॅकवर?

उशिराब्रेक
तिच्यावर सगळं घर चालतं. ती बंद पडली तर मला सोमवारी तोंड दाखवायला जागा नाही. काहीतरी वेगळं, मोडलं तरी चालेल असं हवंय.

हातब्रेक
सहजच यांचा मुद्दा तोडू नका हो. शिकायला पुढच्या चाकांची जुनी हॅचबॅकच उत्तम. पार्ट कुठेही मिळतात, पार्टसाठी जोडीला दुसरी आणून ठेवली तरी परवडते. वेग जास्त झाला तर नाक बाहेर जातं, पाय काढला की परत आत येतं. मागची चाकं सुटली की नवशिक्या गोल फिरतो आणि मग फोटोत येतो.

मागचंचाक
पाय काढला की परत येतं? आखूड व्हीलबेसच्या हॅचबॅकमध्ये वळणाच्या मध्यावर एकदम पाय काढून बघा. वजन पुढे जातं, मागचा भाग हलका होतो आणि पुढच्या चाकांचीच गाडी मागून फिरते. ओल्या ट्रॅकवर तर हमखास. आणि वळवणं, ओढणं आणि बहुतेक ब्रेकिंग, सगळं पुढच्या दोन टायरांवर. ते खांद्यापाशी झिजून पांढरे होतात.

हातब्रेक
त्याला कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) वाढवायचा असतो. पुढच्या चाकांना थोडा निगेटिव्ह कॅम्बर दिला की खांदे वाचतात. अलाइनमेंटच्या एका फेरीचं काम.

मागचंचाक
सगळ्या गाड्यांत कॅम्बर बदलता येत नाही. स्ट्रट असेल तर वर कॅम्बर प्लेट नाहीतर खाली वेगळे बोल्ट लागतात. डबल विशबोनला मुळात…

वेगवेडी
झालं सुरू. तुम्ही दोघं वेगळा धागा काढा.

ग्रीजहात
गाडी कोणती हा प्रश्न दुसरा. माझ्याकडे ट्रॅकवरून आलेल्या ज्या गाड्या येतात, त्यांच्यात इंजिनं क्वचित, ब्रेक नेहमी. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. शंभरऐवजी एकशे चाळीसवरून ब्रेक मारलात तर जवळपास दुप्पट उष्णता, आणि हे दर लॅपला, प्रत्येक मोठ्या वळणाआधी. रस्त्यावरचे पॅड त्यासाठी केलेलेच नसतात.

म्हणून सगळ्यात आधी ब्रेक फ्लुइड. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळायला हवं, पण ओल धरल्यावरची मर्यादा १५५ अंश. डॉट ५.१ ची २६० आणि १८०. उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, त्यात मिसळायचं नाही. ५ आणि ५.१ मध्ये गफलत करून लोक येतात म्हणून सांगतो.

त्यानंतर पॅड, मग टायर, मग ताजं इंजिन ऑईल आणि कूलंट. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल तर बदललेला नाही असंच धरा. बहुतेक इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. जास्त हॉर्सपॉवर, मोठी चाकं, आवाज करणारा सायलेन्सर यांतलं काहीही पहिल्या वर्षी लागत नाही. आवाजाची तर ट्रॅकवर मर्यादाही असते, परत पाठवतात.

सहजच
ग्रीजहात यांच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली. माझं पेडल असंच गेलं होतं. सरळ पट्टा संपताना पाय दाबला तर आत काहीच नाही. दोनदा पंप केल्यावर थोडं लागलं, तोवर मी खडीत. गाडीला काही झालं नाही, फक्त नंतर कितीतरी दिवस कुठून ना कुठून खडे पडत होते.

नवाकोरा
म्हणूनच म्हणतो नवीन घ्या. सगळं नवीन असतं.

ग्रीजहात
नव्या गाडीतही कंपनीने रस्त्याचंच फ्लुइड भरलेलं असतं, साहेब.

बव्हेरियन
इतके प्रतिसाद आणि बीएमडब्ल्यूचं नाव नाही? जुनी ३ सिरीज, म्हणजे ई३६ किंवा ई४६, सरळ सहा सिलिंडर. तो आवाज ऐकला की बजेटबिजेट विसराल. उंच माणूस आरामात बसतो, मागच्या सीट दुमडणारी मिळाली तर चार टायरही जातात.

ग्रीजहात
बसतो खरा. पण ई४६ बघायला गेलात तर गाडी लिफ्टवर घेऊन मागच्या सबफ्रेमच्या (मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीच्या) जागी पत्र्याला तडे आहेत का ते बघायचंच. या मॉडेलची ही नावाजलेली खोड आहे, आणि वेल्डिंगचं काम स्वस्त नसतं. कूलिंगचे प्लास्टिकचे भागही जुने झाले की ठिसूळ होतात, ते आल्याआल्या बदलायचे. इतकं केल्यावर ‘स्वस्त’ हा शब्द तेवढा काढून टाका.

बव्हेरियन
माझ्या गाडीला असलं काही नाही.

ग्रीजहात
लिफ्टवर घेतलीत का कधी?

बव्हेरियन
गरज वाटली नाही.

विजेरी
इलेक्ट्रिक का नाही? टॉर्क बघा.

वेगवेडी
टॉर्क दोन लॅप दिसतो, मग बॅटरी तापते आणि गाडी स्वतःच ताकद कमी करते. वर ते वजन. पॅड आणि टायर दोन्हींचा फडशा. परत चार्जिंगची सोय प्रत्येक ट्रॅकवर असेलच असं नाही, आणि यांना चालवत घरी जायचंय.

उशिराब्रेक, अवांतर वाटेल पण गाडी घेण्याआधी थोडं कार्टिंग करा. ब्रेक कधी सोडायचा, नजर कुठे ठेवायची, हे तिथे फार स्वस्तात कळतं. आणि पहिल्या ट्रॅक डेला पैसे टाकून शिक्षक बाजूला बसवा. माझ्या लॅप टाइममध्ये जेवढा फरक शिक्षकामुळे पडला तेवढा कुठल्याही पार्टमुळे पडला नाही. हेल्मेट घेताना प्रमाणपत्राच्या शिक्क्यावर एसए आहे की एम ते बघा. एम मोटरसायकलसाठी, एसएमध्ये अस्तर आगीला टिकणारं असतं. काही आयोजक एम चालवून घेतात, काही नाही, विचारून मगच घ्या.

टायरटोणगा
टायरबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही. जुनी गाडी घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी रबर दगडासारखं झालेलं असतं. आणि हवा थंड असतानाच थोडी कमी ठेवून निघा, गरम झाल्यावर दाब बराच वाढतो. प्रत्येक फेरीनंतर गेज लावायचा. पहिल्या सेशननंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचे. सेशन संपताना एक लॅप ब्रेक न लावता हळू मारायची आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून बसतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली ठोकळा द्या.

हातब्रेक
माझ्या नावाचं काय मग?

पहिलटकर
वरचे सगळे प्रतिसाद वाचायला वेळ झाला नाही. एमएक्स-५ बघितलीत का?

उशिराब्रेक
सगळ्यांचे आभार. एमएक्स-५ मध्ये बसून आलो. छत लावल्यावर हेल्मेट कापडाला टेकतं, छत काढल्यावर काठीच्या वर जातं आणि गुडघा स्टिअरिंगला लागतो. विकणारा म्हणाला, मान वाकवून चालवायची सवय होते. तो विषय संपला. ई४६ एक बघितली, पण मालक लिफ्टवर घ्यायला तयार होईना.
हॅचबॅक दोन-तीन बघतोय. आणि एक आरएक्स-८ दिसतेय, भलतीच स्वस्त. कुणाला अनुभव?

ग्रीजहात
पळा.
जरा सविस्तर : १.३ लिटरचं दोन रोटरचं रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात. रोटरच्या टोकांवरचे अॅपेक्स सील झिजले की कॉम्प्रेशन जातं आणि गरम इंजिन परत चालू व्हायला कुरकुर करतं. ऑईल तर ते मुद्दाम जाळतं, सील ओले राहावेत म्हणून तशी रचनाच आहे. पेट्रोल किती पितं ते विचारूच नका. भलतीच स्वस्त आहे ती याच कारणाने. तुम्हीच लिहिलंय, डोकेदुखी नको.

मागचंचाक
ग्रीजहात यांना +१००. चेसिस मात्र सुंदर आहे, पुढे-मागे वजन जवळपास निम्मं निम्मं. पण नको.

हातब्रेक
आयुष्यात पहिल्यांदा मागचंचाक यांच्याशी सहमत. हॅचबॅक घ्या.

वेगवेडी
घ्यायचीच असेल तर रोटरीचाच कॉम्प्रेशन टेस्टर असलेल्या माणसाकडे न्या. साध्या गेजवर एका रोटरच्या तीन बाजूंपैकी जी सगळ्यात चांगली तेवढीच दिसते, बाकी दोन लपतात. पण माझंही मत नकोच.

नवाकोरा
जीआर८६.

उशिराब्रेक
मंडळी, आरएक्स-८ घेतली.
हॅचबॅक चालवल्या, चांगल्या होत्या, पण एकीतही उतरताना मागे वळून बघावंसं वाटलं नाही. हिच्यात सनरूफ नाही, त्यामुळे हेल्मेट घालूनही वर बोटभर जागा राहते. मागचे छोटे दरवाजे उलटे उघडतात, टायर आत जातात. रोटरीवाल्याकडे दोन्ही रोटरच्या तिन्ही बाजू मोजल्या, आकडे चांगले आणि एकसारखे आले. गरम करून बंद केली, पुन्हा चालू केली, लगेच लागली. नऊ हजार आरपीएमपर्यंत जाते म्हणतात, मी अजून सहाच्या पुढे गेलो नाही. गाडी स्वस्त मिळाल्यामुळे फ्लुइड, पॅड आणि शिक्षकाचे पैसे उरलेत. इंजिन गेलं तर गेलं, ते मनाशी धरूनच घेतलीय.

ग्रीजहात
घेतलीत तर अभिनंदन. आता ऐका. थंड इंजिन चालू करून दोन फूट मागे घेऊन बंद करायचं नाही, पेट्रोलने फ्लड होतं आणि मग चालू होत नाही. पूर्ण गरम होऊ द्या, मगच बंद करा. डिपस्टिक प्रत्येक सेशननंतर बघायची, ऑईलचा डबा कायम गाडीत. आणि नऊ हजारपर्यंत जरूर न्या, गरम झाल्यावर. फार जपून चालवलेल्या रोटरीत कार्बन साचतो.

सहजच
ट्रॅक डेचे फोटो टाका. खडीतले असले तरी चालतील.

बव्हेरियन
ज्या ई४६ चा मालक लिफ्टवर घेऊ देत नव्हता तिचा रंग कोणता होता?

उशिराब्रेक
चंदेरी. का हो?

बव्हेरियन
काही नाही, असंच.

मागचंचाक
शेवटी मझदाच घेतलीत ना? मग मी पहिल्या प्रतिसादात वेगळं काय सांगत होतो?