हान कांग कुठून वाचायला घ्यावी? चार बैठकांसाठी क्रम हवा आहे

विश्रामबाग_कट्टा
नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागेत आमचा दहा-बारा जणांचा वाचनकट्टा आहे. २०२४ च्या नोबेलनंतर दक्षिण कोरियाची लेखिका हान कांग घेऊ, घेऊ म्हणत राहून गेलं. आता जूनपासून महिन्याला एक अशा चार बैठका ठेवल्यात. सूत्र असं: घर, अपराधभाव आणि गमावलेली माणसं. निम्म्या मंडळींचा इंग्रजी वाचायचा वेग बेताचा आहे, काही जण सत्तरी ओलांडलेले. सुरुवात 'द व्हेजिटेरियन'नेच करावी का? आणि 'ह्युमन अ‍ॅक्ट्स' ज्येष्ठांना झेपेल का?

मिरज_जंक्शन
'व्हेजिटेरियन'नेच करा. दोनशे पानांच्या आतलं आहे. पण नाव वाचून चर्चा शाकाहार-मांसाहारावर घसरते आणि अर्धी बैठक त्यातच जाते. म्हणून वाचन पहिल्या पानापासून, पण चर्चा तिसऱ्या भागापासून सुरू करा.

पहिला भाग नवरा सांगतो, दुसरा मेव्हण्याच्या नजरेतून येतो, तिसरा थोरल्या बहिणीच्या, म्हणजे इन-हेच्या. जिच्यावरून हे सगळं रामायण घडतं त्या योंग-हेचा स्वतःचा आवाज पहिल्या भागात तिरप्या अक्षरांत छापलेल्या स्वप्नांत तेवढा ऐकू येतो. घाईने वाचणारे नेमके तेच तुकडे गाळतात आणि मग पुढे ती झाड व्हायला निघते ते त्यांना नुसतं वेड वाटतं.

बाप भर जेवणावर थोबाडीत मारून तिच्या तोंडात मांस कोंबतो, तो प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो. अपराधाचा हिशेब मात्र इन-हेच्या भागात आहे. लहानपणी मार खायची धाकटी. थोरली दारू पिऊन आलेल्या बापाला सूप करून द्यायची, म्हणून वाचायची. आपला समजूतदारपणा हा खरं तर जीव वाचवण्यासाठीचा भित्रेपणा होता, हे तिला फार उशिरा उमगतं. मारणाऱ्या बापाला कसलीच टोचणी नाही, झोप उडालीय ती हिची! हान कांगच्या घरांत बहुतेकदा हे असंच असतं. करणारा नामानिराळा राहतो आणि मागे उरलेला झुरतो. चारही बैठकांत हा धागा धरता येईल.

माझा क्रम: व्हेजिटेरियन, व्हाइट बुक, ह्युमन अ‍ॅक्ट्स, वी डू नॉट पार्ट. 'ग्रीक लेसन्स' चांगली आहे, पण चारांत बसवायच्या फंदात पडू नका.

कराडचा_वाचक
क्रमाशी सहमत नाही. 'ह्युमन अ‍ॅक्ट्स' दुसरी घ्या, तिच्यानंतर 'व्हाइट बुक'. एवढ्या मृत्यूंनंतर ते छोटं पुस्तक जास्त खोल जातं.

'ह्युमन अ‍ॅक्ट्स'मध्ये लोक अडतात ते निवेदकांपाशी. सहा प्रकरणं आणि शेवटी उपसंहार. १९८० ला सुरू होऊन ती १९८५, १९९०, २००२, २०१० अशी पुढे सरकतात आणि उपसंहारात २०१३ साली लेखिका स्वतः येते. पहिल्या प्रकरणातला 'तू' म्हणजे दोंग-हो हा शाळकरी मुलगा. पाचव्यातही 'तू' आहे, पण ती कारखान्यात काम केलेली बाई. दुसरं प्रकरण तर दोंग-होच्या मेलेल्या मित्राचा आत्मा बोलतो. प्रकरण, साल आणि कोण बोलतंय, एवढ्या तीन रकान्यांचा कागद आधीच वाटून टाका.

पार्श्वभूमीला दहा मिनिटं पुरेत. मे १९८०, लष्करी राजवट, ग्वांगजू शहराचा उठाव. १८ तारखेला सुरू झाला, २७ च्या पहाटे सैन्याने प्रांतिक कार्यालय घेऊन मोडला. हान कांगचा जन्म त्याच शहरातला, १९७० चा. उठावाच्या काही महिने आधी त्यांचं कुटुंब सोलला गेलं. आपण निघालो आणि दुसरं कुणी मेलं, हा सल पुस्तकाच्या मुळाशी आहे.

ज्येष्ठांसाठी: दुसरं (प्रेतांचा ढीग) आणि चौथं (तुरुंगातला छळ) ऐच्छिक ठेवा. पहिलं, तिसरं, सहावं आणि उपसंहार एवढ्यावरही चर्चा उभी राहते. तिसरं गाळू नका. चौकशीत संपादक उन-सुकला सात थपडा बसतात, आणि ती दिवसाला एक थप्पड विसरायची असं ठरवते. मोठ्याने वाचायला हाच भाग निवडा.

माणदेशी
चौथ्या बैठकीबद्दल. 'वी डू नॉट पार्ट'मध्ये सुतारकाम करणाऱ्या इन्सनची बोटं करवतीने तुटतात. ती शिवल्यावर दर तीन मिनिटांनी जखमेत सुई टोचावी लागते, रक्त वाहतं राहिलं तरच नस जगते म्हणून. हे पान नीट वाचा. पुढे तिच्या आईने बेपत्ता भावाचा जन्मभर केलेला शोध याच चालीने येतो, जखम मुद्दाम ओली ठेवत. विषय जेजू बेटावरचं हत्याकांड, सुरुवात ३ एप्रिल १९४८.

सालावरून लक्षात आलं असेलच. गांधीहत्येनंतर आपल्या भागात ब्राह्मणांची घरं जळाली तेही १९४८. त्यावरची व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' सोबत ठेवा. लहान कादंबरी आहे, मराठीत आहे, त्यामुळे इंग्रजीत अडणाऱ्यांची सोय होते. दोन्ही घटना एका तराजूत घालू नका, जेजूत मृतांचा अंदाज २५ ते ३० हजारांचा आहे. तुलना करायची ती सांगण्याच्या तऱ्हेची. माडगूळकर कोरडं, सरळ सांगत जातात. हान कांगकडे हिमवादळात मेलेला पक्षीसुद्धा परत येतो.

एक खबरदारी मात्र घ्या. सांगली-साताऱ्यात ही आठवण अजून घराघरांत आहे, दोन्ही बाजूंनी. सदस्यांना आधी विचारा आणि 'कुणी जाळलं' यावर गाडी गेली तर पुस्तकाचं पान उघडून परत आणा.

विश्रामबाग_कट्टा
आभारी आहे. कराडकरांचा क्रम घेतो, 'वावटळ'चं कट्ट्यावर विचारतो. 'व्हाइट बुक' मोबाइलवर वाचली तर चालेल ना? एकच छापील प्रत आहे.

मिरज_जंक्शन
शक्यतो नको. जन्मल्यावर दोन तासांत गेलेल्या थोरल्या बहिणीवरचं पुस्तक आहे. मीठ, बर्फ, तान्ह्या बाळाचं अंगडं अशा पांढऱ्या वस्तूंवरचे तुकडे आणि भोवती भरपूर कोरी जागा. मोबाइलवर ती जागा आक्रसते आणि तुकडे एकामागून एक पळतात. प्रत फिरवा, माणशी दोन दिवस दिलेत तरी महिन्यात सगळ्यांची होईल.