कार्टून म्हणून लावला आणि फसलो

मुक्कामपोस्ट:
रविवारी ताईची पोरं घरी आली होती, एक सात वर्षांची, एक दहाचा. म्हटलं जपानी कार्टून आहे, गप बसतील, म्हणून 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (महायुद्धात अनाथ झालेल्या भावा-बहिणीचा सिनेमा निघाला) लावून दिला आणि मी कांदे चिरायला गेलो. परत येऊन बघतो तर धाकटी उशीत तोंड खुपसून बसलेली. चूक माझीच, पोस्टरवर दोन पोरं आणि काजवे बघून ठरवून टाकलं. ताईच्या शिव्या खाल्ल्या. रात्री एकट्याने पूर्ण बघितला आणि झोपच उडाली. बाबा म्हणतात, "चित्रं बघून कसला रडतोस!" पण खरंच, खरे नट घेऊन केलं असतं तर इतकं लागलं असतं का? आणि असं अजून काय बघू?

निळीशाई:
मला वाटतं नसतं लागलं. खरी चार वर्षांची पोर उपाशी दाखवली की अर्धं लक्ष बिचारीला शूटिंगला किती वेळ बसवलं असेल इकडे जातं. इथे ती भानगड नाही, आणि जे दिसतं ते कुणीतरी मुद्दाम काढलेलं असतं. त्यातली बहीण सेत्सुको काचेच्या गोट्या ड्रॉप्स (डब्यातल्या गोळ्या) समजून चघळते, मातीचे गोळे भात म्हणून भावापुढे ठेवते, तो सीन मी अजून दुसऱ्यांदा बघितलेला नाही. बाह्यरेषाही काळ्या नाहीत, तपकिरी ठेवल्यात, त्यामुळे सगळं मऊ दिसतं आणि जास्तच त्रास होतो. दिग्दर्शक ताकाहाता स्वतः लहानपणी ओकायामाच्या बॉम्बहल्ल्यातून वाचलेले. बाकी फसणारे तुम्ही एकटे नाही, १९८८ ला जपानात हा 'माय नेबर टोटोरो' या लहान मुलांच्या गोड सिनेमाच्या जोडीला एकाच तिकिटात दाखवला होता!!

जुनाट_खोड:
सगळं जपानचंच कौतुक. फाळक्यांनी १९१५ ला काड्यापेटीतल्या काड्या एकेक करून सरकवत 'आगकाड्यांची मौज' केली होती म्हणावं. पुढे आपण काय केलं? हत्ती, माकडं आणि तात्पर्य.

रेघोट्या:
@जुनाट_खोड, अहो इतकंही नाही. 'एक अनेक और एकता' ही कार्टून फिल्म १९७४ ची, विजया मुळ्यांची, ती 'एक चिड़िया' अजून पाठ असेल तुम्हाला. आणि गीतांजली रावची 'प्रिंटेड रेनबो' (२००६) बघाच, पंधरा मिनिटांचीच आहे, फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात बक्षिसं मिळालीत. एक म्हातारी, एक मांजर, तिचं घर करडं आणि काड्यापेट्यांवरच्या चित्रांत शिरली की रंगच रंग. सगळं एकटीने हाताने रंगवलंय. मी काही वर्षं स्टुडिओत काढलीत म्हणून सांगतो, सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी १२ चित्रं, म्हणजे कुणी दहा सेकंद नुसतं मागे वळून बघणार असेल तर १२० कागद. पापणी कधी मिटायची तेही आधी ठरवावं लागतं, नटासारखं आयत्या वेळी काही सुचत नाही. बाबांना आधी हीच दाखवा, फायरफ्लाइज नको.

मुक्कामपोस्ट:
थँक्यू मंडळी. 'प्रिंटेड रेनबो' बाबांना शनिवारी जेवणानंतर लावतो, झोप लागायच्या आत संपेल. धाकटी काल फोनवर विचारत होती, त्या ड्रॉप्सच्या डब्यात शेवटी काय होतं. ताईला फोन दे म्हटलं.