नडगी ३१ मिमी वाढली, टाच टेकत नाही, बोटांत मुंग्या: थांबावं का? (मदत हवी आहे)

उंची वाढवण्यासाठी दोन्ही नडग्यांची शस्त्रक्रिया, आत चुंबकीय नेल (हाडात बसवलेला, बाहेरच्या चुंबकाने लांबणारा दांडा). सातव्या दिवशी वाढ सुरू केली. रोज १ मिमी, पाव-पाव मिमीचे चार हप्ते. आज ३१ मिमी. हाड मुळात ३६ सेमी, उद्दिष्ट ६५ मिमी. गुडघा सरळ ठेवला तर डावं पाऊल काटकोनात येत नाही, ८ अंश कमी पडतं. गुडघा वाकवला की येतं. कालपासून डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात मुंग्या आहेत. वेग कमी करू की थांबू? ६५ गाठावं का?

प्रतिसाद १
आधी मुंग्यांचं बघा. त्या बेचक्याची संवेदना जी नस नेते, तीच अंगठा वर उचलणारा स्नायू चालवते. आत्ताच अंगठा वर उचला, त्यावर बोटाने दाब द्या आणि उजव्याशी ताडून पाहा. आजच सर्जनला फोन करा, त्यांच्याशी बोलल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका. वेळेत कळलं तर वेग कमी करून किंवा नेल थोडा मागे फिरवून नस बहुधा सावरते. ताकद जात असेल तर नस मोकळी करायची शस्त्रक्रिया लागू शकते, तिथे दिवस घालवून चालत नाही.

टाचेचं: गुडघा वाकवल्यावर पाऊल येतंय, म्हणजे आखडलाय तो पोटरीचा वरचा स्नायू. तो गुडघ्याच्या वरून सुरू होतो, म्हणून गुडघा सरळ केला की ताणला जातो.

प्रतिसाद २
६५ मिमी म्हणजे मूळ हाडाच्या १८ टक्के. नडगीसाठी साधारण ५ सेमीपर्यंत थांबणं बरं, मांडीचं हाड त्याहून जास्त सोसतं. हाड वाढत राहील, पण स्नायू आणि नसा तेवढ्या वेगाने लांबत नाहीत. ३१ वरच टाच उचलली गेली असेल, तर ६५ चा हट्ट सोडा.

वेग ०.७५ किंवा ०.५ वर आणणं नेहमीचंच आहे. फार हळू झालं की मात्र हाड वेळेआधी जुळतं, बहुतेकदा नडगीशेजारचं बारीक हाड आधी. म्हणून वेग बदलला की एक्स-रे लवकर घ्या. त्यात नडगीच्या कापलेल्या फटीतला कॅलस (नवं तयार होणारं हाड) आणि बारीक हाडाची फट दोन्ही बघायला सांगा. बारीक हाड घोट्याजवळ स्क्रूने नीट धरलेलं नसेल तर ते वर सरकतं आणि घोटा वाकडा होतो.

धागाकर्ता
अंगठा वर येतोय, पण डावा दाबाला लगेच खाली जातो. हप्ता दिलेला नाही. सर्जननी संध्याकाळी बोलावलंय. तोवर पोटरीचा ताण सुरू ठेवू?

प्रतिसाद १
गुडघा सरळ ठेवून ताण देऊ नका, नस आणखी ओढली जाते. गुडघ्याखाली उशी घेऊन तो जरा वाकवून ठेवा. शेवटचा हप्ता किती वाजता दिला, मुंग्या कधी सुरू झाल्या, अंगठ्याची ताकद कधी घसरली, हे वेळेसकट लिहून न्या. पोटरी एका बाजूने सुजली, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर थेट तातडीच्या विभागात जा. रक्ताची गुठळी असू शकते.

प्रतिसाद २
नस सावरल्यावर: रात्री पाऊल काटकोनात धरणारा स्प्लिंट, दिवसातून चार-पाचदा गुडघा सरळ ठेवून ताण, प्रत्येक वेळी अंश मोजून नोंद. तरी सुटलं नाही तर पोटरीचा पडदा मोकळा करायची छोटी शस्त्रक्रिया करतात. आधाराशिवाय चालायची घाई नको. एक्स-रेत हाडाच्या चारपैकी तीन बाजू जुळलेल्या दिसेपर्यंत कुबड्या सोडू नका, नाहीतर नेल वाकतो किंवा तुटतो. ५ सेमीला सहा ते आठ महिने धरा. सिगरेट ओढत असाल तर पूर्ण बंद, हाड जुळणं लांबतं. आयब्युप्रोफेनसारख्या सूजविरोधी गोळ्याही सर्जनना विचारल्याशिवाय घेऊ नका.