मदत हवी आहे : कासवाचं पिल्लू काकडी-टोमॅटो सोडून काहीच खाईना

रंकाळाकाठ :
नमस्कार मंडळी. दीड महिन्यापूर्वी आमच्या घरी कासवाचं पिल्लू आलं. पुण्याचे दीर नोकरीसाठी परदेशी गेले आणि जाताना हे आमच्या गळ्यात मारून गेले. पोरानं नाव ठेवलंय पैलवान. नाव पैलवान आणि खुराक काकडी!

इथल्या, कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मार्केटातून रोज ताजी भाजी आणते. पालक, मेथी, कोबी, गाजर, सगळं बारीक चिरून पुढं ठेवून झालं. हा मान लांब करून वास घेतो, मग मेथीवरून चक्क चालत पलीकडे जातो. काकडी आणि टोमॅटो मात्र तोंड भरून. परवा माझ्या पायाच्या बोटाला लाल नेलपेंट बघून कचकन चावला. एवढंसं तोंड, पण लागतं बरं का!

आला तेव्हा स्वयंपाकाच्या काट्यावर ९४ ग्रॅम होता, आज ९६. शी पातळ होते. पाऊस धरून बसलाय, पंधरा दिवस ऊन नाही, म्हणून खिडकीच्या काचेजवळ ठेवते. सासूबाईंचं म्हणणं, देवळातलं कासव घरी आलंय, नैवेद्याचं एखादं शीत तरी खाऊ दे. भात चालतो का? आणि भाज्या नेमक्या कोणत्या द्यायच्या?

हिरवीवाट :
ताई, आधी जात सांगा. पाठ काळी आणि त्यावर पिवळ्या चांदण्या असतील तर ते स्टार कासव. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, घरात ठेवताच येत नाही. तसं असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

रंकाळाकाठ :
बापरे, घाबरवलंत. नाही हो, चांदण्या नाहीत. फिकट वाळूसारखा रंग, खवल्यांच्या कडा तपकिरी, मागच्या मांड्यांवर टोकदार काटे. दिरांनी चिठ्ठीवर 'सल्काटा' लिहिलंय.

जुनंकवच :
मग आफ्रिकेतलं, सहाराच्या दक्षिण कडेचं. परदेशी प्राणी असल्यानं २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. दिरांनी केली होती का विचारा आणि तुमच्या नावावर करून घ्या. हेही ऐकून ठेवा, की आज ९६ ग्रॅमचा हा गडी पुढं चाळीस-पन्नास किलोचा होऊ शकतो. पोराचं लग्न होईल तरी हा असेलच.

आता खाण्याचं. तुमचं चुकतंय ते एवढंच, की तुम्ही त्याला भाजीखाऊ समजताय. हा गवत खाणारा प्राणी. ताटात तीन हिस्से गवत आणि एक हिस्सा पाला, असा हिशेब धरा. काकडी म्हणजे नुसतं पाणी. टोमॅटो बंदच करा. पातळ शी बहुतेक त्याचीच. चोथा नसला की पोट बिघडतंच.

पालक, चाकवत, राजगिरा नको. त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही, आणि या वयात कवच तयार होतंय. कोबी-फ्लॉवर रोज घातलं तर थायरॉइडला त्रास, कधीतरी एखादं पान चालेल. भात, चपाती, डाळ अजिबात नाही. सासूबाईंना सांगा, कासवाला नैवेद्य दुरून दाखवायचा. पाल्यात शेवग्याची पानं, जास्वंदीची पानं, तुतीची पानं उत्तम. मेथी, गाजराचा पाला अधूनमधून.

लाल रंगावर जातोय ना? मग लाल जास्वंदीचं फूल द्या. कासवांना लाल-पिवळं पटकन दिसतं. फुलाच्या पाकळ्या कुस्करून त्यात दूर्वा, म्हणजे हराळी, कात्रीनं बारीक कापून मिसळा. तरी नाही खाल्लं तर काकडी किसून तिचं पाणी गवताला चोळा आणि रोज किस थोडा कमी करत जा. दोन-तीन आठवडे लागतात. थोडक्यात गणपतीचं ताट त्याच्यापुढं ठेवायचं! फक्त पत्रीचं सगळं ताट उचलून देऊ नका. एकवीस पत्रींत धोतरा, रुई, कण्हेर असतात, ती विषारी.

आणि काचेतून येणाऱ्या उजेडाचा उपयोग नाही. कॅल्शियम पचायला लागणारे अतिनील किरण काच अडवते. ऊन नसेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा यूव्हीबी दिवा आणि एका कोपऱ्यात ३५ अंशांची ऊब हवी. गारठलेलं कासव खात नाही, म्हणून मी भाजीच्या आधी थर्मामीटर बघतो. रोज हनुवटीपर्यंत कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन, म्हणजे कटलफिश या समुद्री प्राण्याच्या अंगातलं पांढरं कवच, मिळेल, त्याचा तुकडा जवळ ठेवा. डोळे सुजले, नाकातून फुगे आले किंवा वजन उतरू लागलं तर धाग्यावर विचारत बसू नका, थेट डॉक्टर.

म्हसरंवाला :
वहिनी, कासवातलं मला काय कळत नाय, पण गवतातलं कळतंय. चार म्हशी हायत, गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध घालतो. कोवळं हत्तीगवत, हराळी पायजे तेवढी न्या, पैसे नकोत. पण उसाच्या बांधावरचं गवत कुणी दिलं तर घेऊ नका, तणनाशक मारलेलं असतंय. आणि कोवळ्या ज्वारीचं कडवाळ तर घालूच नका, त्यानं म्हस उभ्या उभ्या कोसळलेली बघितलीया. ९६ ग्रॅमचं काय घेऊन बसलाय.

हिरवीवाट :
लसूणघास चालेल का त्याला?

जुनंकवच :
चिमूटभर. प्रथिनं फार असतात त्यात. म्हशीला दूध द्यायचंय, याला नाही.

रंकाळाकाठ :
मंडळी, आज चौथा दिवस. टोमॅटो बंद म्हटल्यावर पहिले दोन दिवस पाठ फिरवून बसला होता, माझाच जीव खालीवर. दिवा काल लावला. आज सकाळी दारची जास्वंद पुढं ठेवली तर मान ताणून पाकळी ओढली, आणि तिच्याबरोबर हराळीच्या तीन काड्या आत गेल्या. एक काडी बराच वेळ तोंडातून बाहेर लोंबत होती, विडी ओढल्यासारखी. पोरानं फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला. सासूबाई म्हणाल्या, गणपतीच्या आधी यालाच मान.

म्हसरंवाला भाऊ, रविवारी संध्याकाळी कट्ट्यावर येते, पिशवी घेऊन. दिरांना मेसेज केलाय, नोंदीचे कागद कपाटात आहेत म्हणतात, कुठल्या कपाटात ते सांगत नाहीत.

समुद्रफेन मिळालं. कान फुटला की जुनी माणसं तेच घालतात, म्हणून दुकानदारानं विचारलं, कुणाचा कान फुटलाय? म्हटलं, पैलवानाला खायला पायजे. ते माझ्याकडं बघतच राहिले.