आईच्या स्वादुपिंडात एकाच वेळी दोन वेगळ्या गाठी

खाडीकाठ: आई ४६ वर्षांची, गुहागरजवळ गावी असते, गणपतीनंतर पोटात दुखायला लागलं, आम्हाला वाटलं पित्ताचे खडे असतील म्हणून चिपळूणला सोनोग्राफी आणि मग सीटी केला. स्वादुपिंडाच्या शेपटीकडे १.४ सेंमीची भरीव गाठ, न्यूरोएंडोक्राइन असावी म्हणतात, आणि डोक्याकडे पाण्याच्या बारीक फोडांची, सिरस सिस्टाडेनोमा. आई तो रिपोर्ट पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात ठेवते, कोणी आलं की काढते, इंग्रजी येत नाही पण बोट बरोबर त्याच ओळीवर. एकीतून दुसरी पसरलीय का? ऑपरेशन लगेच करायचं का?

लॅबवाली_रत्नागिरी: पसरलेली नाही हो, दोघींच्या पेशीच वेगळ्या. पहिली हार्मोन बनवणाऱ्या पेशींची, दुसरी मधाच्या पोळ्यासारखी दिसते आणि तिचा कॅन्सर क्वचितच होतो. भरीव गाठ २ सेंमीपेक्षा लहान असेल आणि हार्मोन सोडत नसेल तर बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात. उपाशीपोटी घाम, थरथर येते का आणि साखर खाल्ली की थांबते का? आणि माहेरी कोणाला डोळ्याचा, मेंदूचा, किडनीचा काही आजार?

खाडीकाठ: थरथर नाही. पण मामाची ३५ व्या वर्षी एका डोळ्याची नजर गेली, पडद्यावर गाठ होती म्हणाले, पुढे एक किडनी काढली. तेव्हा घरच्यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं, दोन्हीचा संबंध असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

लॅबवाली_रत्नागिरी: मग डॉक्टरांना व्हॉन हिपेल-लिंडाऊ हा शब्द स्वतःहून सांगा. ३ नंबरच्या क्रोमोझोमवरच्या जीनमधला दोष, त्यात डोळ्याच्या पडद्यावर, किडनीत गाठी होतात आणि स्वादुपिंडात अशा दोन्ही गाठी एकत्र येऊ शकतात. आईला निघाला तर प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता, म्हणजे तुमची पण टेस्ट. आणि ऑपरेशन ठरलंच तर त्याआधी मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रिनलच्या हार्मोनची टेस्ट) तपासून घ्याच, अ‍ॅड्रिनलमध्ये, म्हणजे किडनीवरच्या ग्रंथीत, गाठ लपलेली असली तर भूल देताना बीपी भडकतं, जिवावर बेतू शकतं.

राजापूरचा_बाबू: परळला टाटाला नेणार असाल तर सीटीची सीडी घ्या, नुसता कागद नको. आमच्या काकांच्या वेळी सीडी घरी राहिली, स्कॅन परत करावा लागला.

खाडीकाठ: मामीने माळ्यावरची ट्रंक उघडली, मामाच्या किडनीचा बायोप्सी रिपोर्ट मिळाला, कडा वाळवीने खाल्ल्यात पण वाचता येतोय. तो आणि सीडी घेऊन रविवारी रात्री तुतारी एक्स्प्रेसने निघतोय.