रेकॉर्डर बदलले, आयपी तेच. कोअर स्विच जुनाच मॅक (हार्डवेअर पत्ता) धरून बसलाय

रात्रपाळी:
मंडळी, मदत हवी. कॅमेऱ्यांचे दोन रेकॉर्डर तासाभरापूर्वी बदलले, आयपी जुनेच दिले. त्याच व्हीलॅनमधल्या (स्विचवरच्या वेगळ्या नेटवर्क-कप्प्यातल्या) लॅपटॉपवरून दोन्ही पिंग होतात, बाहेरच्या व्हीलॅनमधून एकही नाही. अ‍ॅक्सेस स्विचचं मॅक टेबल दोनदा साफ केलं, ढिम्म फरक नाही. मग कोअरवर (मधला मुख्य स्विच, सिस्कोचा, त्यांच्याच आयओएस सिस्टीमवर चालणारा) ‘शो आयपी एआरपी’ मारलं, म्हणजे आयपी-मॅक जोड्यांची यादी बघितली. १०.२०.३०.११ समोर अजून काढून ठेवलेल्या पेटीचाच मॅक, वय ९७ मिनिटं. टेबलात चारशेवर नोंदी आहेत. भर दिवसा सगळं साफ केलं तर लोक तुटतील का? सुरक्षारक्षक काळ्या स्क्रीनसमोर बसलाय आणि मागचं गेट कुणालाच दिसत नाहीये, म्हणून घाई आहे.

तांब्याची_तार:
सगळं साफ करू नका, गरजच नाही. तुम्ही साफ केलंत ते टेबल वेगळं. मॅक टेबल म्हणजे कोणता मॅक कोणत्या पोर्टवर. एआरपी म्हणजे कोणत्या आयपीचा मॅक कोणता, आणि ते व्हीलॅनचा गेटवे (बाहेर जायचं दार) जिथे आहे तिथे, म्हणजे तुमच्या कोअरवर. मॅक टेबलातली नोंद ३०० सेकंद हालचाल नसली की आपोआप जाते. आयओएसवर एआरपीची मुदत मुळात ४ तास. तेवढा वेळ कोअर गेलेल्या पेटीच्या नावानेच डेटाच्या फ्रेम पाठवत राहणार. ‘क्लिअर आयपी एआरपी’ आणि पुढे तो एकच आयपी द्या. चारशे नोंदींनी कोअर बसणार नाही, पण चालू रहदारीत विनाकारण हात घालू नये असं माझं ठाम मत आहे.

गेटवे_आधी:
त्याआधी नव्या रेकॉर्डरच्या नेटवर्क मेनूतून गेटवेला पिंग करून बघा. गेटवेचा मॅक विचारताना तो स्वतःचा आयपी आणि मॅकही त्याच विनंतीत पाठवतो, आणि विचारणाऱ्याची नोंद आधीपासून असेल तर ती दुरुस्त करायची हा नियम १९८२ च्या आरएफसी ८२६ मध्येच (एआरपीच्या मूळ मानक दस्तऐवजात) आहे. सर्व्हर बदलला की हा त्रास सहसा जाणवत नाही, कारण तो चालू होताच कुणाशी तरी बोलतो. रेकॉर्डर, प्रिंटर अशी गप्प उपकरणं कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडत नाहीत, तिथेच हे अडतं.

रात्रपाळी:
दादा, .११ वरून पिंग मारला आणि कोअरवर बघितलं: नवा मॅक, वय ०, चित्र लगेच आलं! पण दुसऱ्या रेकॉर्डरवर (.१२) तोच पिंग फुकट. एकच नोंद क्लिअर केली, तरी जुना मॅक जागचा हलत नाही.

तांब्याची_तार:
.१२ समोर वयाच्या रकान्यात काय दिसतंय? आकडा की नुसती आडवी रेघ?

रात्रपाळी:
रेघ.

तांब्याची_तार:
मग ती नोंद कुणीतरी हाताने घातलेली, स्टॅटिक आहे. क्लिअर तिला हात लावत नाही, पिंगनेही बदलत नाही. ‘शो रन’मध्ये (कोअरच्या चालू सेटिंगमध्ये) ‘एआरपी’ने सुरू होणारी ओळ शोधा आणि कॉन्फिग मोडमध्ये तीच ओळ सुरुवातीला ‘नो’ लावून द्या.

रात्रपाळी:
सापडली, काढली. मग रेकॉर्डरवरून एक पिंग मारला, नवा मॅक बसला. ‘राइट मेमरी’ करून सेव्ह केलं. मागचं गेट दिसतंय. दोघांचे मनापासून आभार.